हेमराजच्या खांद्यावरची साडी

फर्रर्र.

हा आवाज हेमराजने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि अमळनेरहून सुरतेला येऊन त्याला जेमतेम तीन दिवस झाले होते. तीन दिवस लिंबायतच्या लूमखात्यात यंत्रमागावर काम शिकताना खटखटाटाने कानांना दडे बसले होते. चौथ्या दिवशी गावाकडच्या ओळखीने तो रिंग रोडवरच्या एका साडीच्या दुकानात गेला. तिथे जाड मिशांचे एक म्हातारे सेल्समन बसले होते. त्यांनी साडीची घडी हातात घेतली, मनगटाला एक झटका दिला आणि फर्रर्र करून अख्खी साडी पांढऱ्या गादीवर दोरी ताणल्यासारखी सरळ पसरली. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण म्हातारे उठले, साडीच्या निऱ्या करून पँटच्या कमरेत खोचल्या, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि मिशीखालून समोरच्या बाईंना म्हणाले, "देखो बेन, कैसी लगती है."

हेमराज फिसकन हसला.

"आज हसून घे," मोठे शेठ गुजराथीत म्हणाले. "उद्यापासून तुला हेच करायचं आहे."

आणि बावीस वर्षे त्याने तेच केलं. लूमवर उभं राहून ज्याला साडी विणता आली नाही, तो गादीवर उभा राहून साडी नेसू लागला. अकरा सेकंदात निऱ्या, पदर, सगळं. (एकदा शेठच्या मुनीमजींनी घड्याळ लावून मोजलं होतं. हेमराज ही गोष्ट कुणाला सांगत नसे, पण विसरलाही नव्हता.) गिऱ्हाईक बाई समोर बसायची, हेमराजच्या अंगावरच्या साडीकडे टक लावून बघायची, आणि त्या साडीच्या आत एक माणूस आहे हे तिच्या ध्यानातही नसायचं. हजारो साड्या त्या खांद्यावरून उतरून देशभर गेल्या. खांद्याला कुणी विचारलं नाही.

मग शहाण्णव साली धाकटे शेठ कॉलेज करून दुकानात बसायला लागले आणि त्यांनी पहिलं काम केलं ते भाषा सुधारण्याचं.

"हेमराजभाई, 'अच्छी लगती है' तर सगळं मार्केट म्हणतं," ते म्हणाले. "लंडनहून, आफ्रिकेहून पार्ट्या येतात. त्यांना म्हणायचं, बिकमिंग. व्हेरी बिकमिंग."

चौथी पास हेमराजने तो शब्द लिंबायतपर्यंत रिक्षात जपून आणला, जसं कुणी दह्याचं गाडगं मांडीवर धरून आणावं. घरी आल्यावर बारावी झालेल्या गायत्रीला, म्हणजे आपल्या मुलीला, त्याने अर्थ विचारला. तिने डिक्शनरी काढली.

"शोभणारा, साजेसा," तिने वाचलं. "कपडा असो की वागणूक, दोन्हीला चालतं, बापू. आणि न शोभणारं असेल तर पुढे अन लावायचं. अनबिकमिंग."

"म्हणजे आपलं शोभणं," हेमराज सावकाश म्हणाला. "साडी शोभते, बोलणं शोभतं. इंग्रजांनी आपल्याकडूनच नेलं असणार."

शब्द त्याला फार आवडला. बावीस वर्षांत धंद्याने त्याला फुकट दिलेली ही पहिली वस्तू होती. तो दुकानात वापरू लागला, मग घरीही. मंगलाबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, नवं लुगडं नेसलं की बिकमिंग. रिक्षावाल्याने सातवी सवारी कोंबली की नॉट बिकमिंग. मंगलाबाईंनी आठवडाभर ऐकून घेतलं आणि मग भाकरी थापता थापता विचारलं, "हाई काय नवीन खूळ शे?"

खूळ तिथेच थांबलं असतं. पण त्याच महिन्यात गायत्रीसाठी स्थळ आलं.

स्थळ सुरतेतल्याच गोडादऱ्याचं होतं. वडील भटूभाऊ डाइंग मिलमध्ये फोरमन. मुलगा योगेंद्र, बीकॉम, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात क्लार्क, खिशाला दोन पेनं लावणारा. पहिल्या भेटीत गच्चीवर दहा मिनिटं बोलून गायत्री खाली आली ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आली, आणि हेमराजला काही विचारावं लागलं नाही. आता पुढच्या रविवारी मंडळी सुपारी फोडायला येणार होती. सुपारी फुटली की लग्न पक्कं.

एकच गाठ होती, आणि ती मंगलाबाईंनी मारून ठेवली होती. मुलाची आई, कलाबाई, माणसांचं वजन करणारी बाई आहे हे त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखलं होतं. म्हणून, "तुमचे हे काय करतात?" असं कलाबाईंनी विचारल्यावर त्यांनी सांगून टाकलं होतं, "शेठच्या शेजारी बसतात."

"मी शेठच्या शेजारी कधी बसलो?" हेमराजने रात्री जेवताना विचारलं.

"मग काय सांगू? साड्या नेसतात म्हणून सांगू?"

हेमराजचा घास हातातच राहिला. बावीस वर्षांचं काम या बाईने तीन शब्दांत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं होतं. ते गाठोडं उघडायचं नाही असंही बजावलं होतं. पण गायत्रीने ताटावरून वर बघितलं नाही, म्हणून त्याने घास तोंडात घातला.

आता सुपारीच्या दिवशी मुलाच्या आईला साडी द्यायची असते. देणाऱ्याने निवडायची आणि घेणारीने नाक मुरडायचं, ही जुनी रीत आहे. हेमराजने ठरवलं की ही रीत मोडायची. बावीस वर्षे साड्या विकणाऱ्या माणसाच्या साडीला कुणी नाव ठेवायचं नाही. त्याने धाकट्या शेठना विचारून बारा साड्या जांगड घेतल्या, म्हणजे पसंत पडेल ती ठेवायची आणि बाकीच्या सोमवारी परत करायच्या. विहीणबाईंनी स्वतःच निवडावी.

"एकच आणा आणि पिशवीत घालून द्या," मंगलाबाई म्हणाल्या. "बाईच्या पुढे बारा साड्या टाकू नका."

"तू मला साडी विकायला शिकवू नको," हेमराज म्हणाला.

(हे त्याचं आयुष्यातलं सर्वांत महागात पडलेलं वाक्य.)

रविवारी चार वाजता मंडळी आली. खोलीत चटई, चटईवर नवी चादर, ताटात कुंकू, अक्षता, सुपारी आणि शेजारी फोडायला पितळी बत्ता. भटूभाऊ भिंतीला टेकून बसले, योगेंद्र त्यांच्याजवळ. हेमराजने नवी पँट घातली होती आणि मंगलाबाईंच्या सांगण्यावरून शेठच्या शेजारी बसणाऱ्या माणसासारखा चेहरा केला होता.

"विहीणबाई, तुमच्या पसंतीने घ्या," असं म्हणून त्याने गाठोडं सोडलं.

कलाबाईंनी बारा साड्यांचा ढीग पाहिला. "दुकान उचलून आणलं का घरी?" त्या म्हणाल्या आणि पहिली साडी उलटी करून बघितली.

उलटी. साडी उलटी करून बघणारं गिऱ्हाईक म्हणजे जाणकार. पुढे कळलं की कलाबाई वीस वर्षे घरी बसून साड्यांचे धागे कापत होत्या, टिकल्या चिकटवत होत्या. सुरतेत साडी कोण कुणाला दाखवतो याचा विचार त्याने आधीच करायला हवा होता.

"हिचा रंग पहिल्या धुण्यात जाणार."

"जाणार नाही, विहीणबाई. गॅरंटी."

"हिचा पदर आखूड आहे."

"आखूड नाही, घडी तशी आहे."

"ही तर मागच्या दिवाळीचा माल."

तो मागच्या दिवाळीचाच माल होता, आणि माणसाला खऱ्या आरोपाइतका राग खोट्याचा येत नाही. चौथी, पाचवी, सहावी. कलाबाई दोन बोटांत कापड चोळत आणि बाजूला सरकवत. बाजूला सरकवताना त्या साडीकडे बघतसुद्धा नव्हत्या. बावीस वर्षांत हेमराजपुढे मारवाडी बसले, मद्रासी बसले, नैरोबीची एक बाई तीन तास बसून फक्त पाणी पिऊन गेली, पण त्याच्या मालाचा असा अपमान कुणी केला नव्हता. त्याचा डावा खांदा शिवशिवायला लागला.

दहावी साडी मोरपंखी होती, काठ जांभळे. कलाबाईंचा हात तिच्यावर पडला आणि थांबला.

क्षणभरच थांबला. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. पण गादीवर जन्म काढलेल्या माणसाला तो क्षण ओळखू येतो. त्याच क्षणी साडी उचलली नाही तर गिऱ्हाईक उठतं. मग हेमराजने काय केलं असं विचारण्यात अर्थ नाही. त्याने काही केलं नाही, जे केलं ते त्याच्या हातांनी केलं. मनगटाला झटका बसला, साडी खोलीभर पसरली, तिचं एक टोक भटूभाऊंच्या चहाच्या कपावरून गेलं. हेमराज उभा राहिला. निऱ्या झाल्या, नव्या पँटच्या कमरेत गेल्या, पदर खांद्यावर आला, एक पाय पुढे, हनुवटी ट्यूबलाइटकडे. अकरा सेकंद.

"देखिए भाभीजी," तो म्हणाला. "व्हेरी बिकमिंग."

मंगलाबाई पोह्यांच्या ताटल्या घेऊन येत होत्या. त्या उंबऱ्यातच थांबल्या. त्यांच्या तोंडावरून सगळ्यांना एकदम कळलं की शेठच्या शेजारी कोण बसतं आणि कोण उभं राहतं.

"मंगलाबाई," कलाबाई हळूच म्हणाल्या, "हे काय आहे?"

"ते… गंमत करतात अधूनमधून."

"गंमत नाही," हेमराज म्हणाला.

योगेंद्रने घसा साफ केला. आईकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं आणि बीकॉम झालेल्या माणसाने करावं ते केलं. "काका, राग मानू नका. पण हे जरा अनबिकमिंग वाटतं."

आता हेमराज मुळात कमी बोलणारा माणूस. दुसऱ्या कुठल्या शब्दाने तो चिडला नसता. दुसरा शब्द त्याला कळलाच नसता. पण हा शब्द त्याचा होता, रिक्षात मांडीवर घेऊन आणलेला, आणि या पोराने त्याला पुढे अन लावून त्याच्याच घरात त्याच्यावर फेकला होता.

"योगेंद्रराव," तो सावकाश म्हणाला आणि संतापाच्या भरात त्याने पदर सारखा केला. "तुमच्या आईच्या अंगावर आत्ता जी साडी आहे, ती आधी कुणाच्या अंगावर होती?"

"म्हणजे?" कलाबाई सावरून बसल्या.

"दुकानात कुणीतरी ती खांद्यावर टाकून उभा राहिला, म्हणून तुम्हाला आवडली. त्याला मिशी असेल. त्यालाही घरी मुलगी असेल. या शहरात हजार माणसं सकाळी डबा घेऊन निघतात आणि दिवसभर साड्या नेसतात. त्यांची पोरं त्यावर शाळेत जातात. दुकानात आम्ही शोभतो, सगळ्यांना शोभतो. घरी आलो की शोभत नाही. हा कुठला न्याय? मी चोरी केली का? दारू पिऊन आलो का?" बोलताना तो वळला, आणि सवयीने पदर काठासकट ट्यूबलाइटच्या उजेडात येईल असा वळला. "बावीस वर्षे. एक साडी कधी जमिनीवर पडू दिली नाही मी."

"ते सगळं ठीक," कलाबाई म्हणाल्या. "पण चार पाहुण्यांत विचारलं, मुलाचा सासरा काय करतो, तर मी काय सांगू? निऱ्या करतो?" त्या उठल्या. "चला हो. यांनी आधी सांगितलं असतं तर एवढी तारांबळ झाली नसती. शेठच्या शेजारी बसतात म्हणे."

भटूभाऊ पंख्याकडे बघत होते. सुपारी ताटात तशीच होती, अख्खी. मुलीच्या लग्नाची सुपारी आपल्या पायाने उडवली, हे मोरपंखी साडीत उभ्या असलेल्या हेमराजला आत्ता समजत होतं.

तेवढ्यात आतल्या दारातून गायत्री म्हणाली, "तुम्ही ऑफिसच्या साहेबांच्या बायकोबरोबर भागळच्या भाजीबाजारात जाता. पिशव्या धरून."

सगळे तिच्याकडे वळले. बोलणं योगेंद्रला होतं.

"दर शनिवारी. तुम्हीच सांगितलंत गच्चीवर. दोन पिशव्या, आणि त्यांच्या सासूबाईंची औषधं. ते बिकमिंग का?"

"कोणत्या पिशव्या?" कलाबाई म्हणाल्या. "योगू, कोणत्या पिशव्या रे? तू तर म्हणतोस शनिवारी हिशेब असतो."

योगेंद्रचे कान लाल झाले. भटूभाऊंना खोकल्याची उबळ आली, आणि ती बराच वेळ थांबेना.

"मला त्यात काही वाईट वाटलं नाही," गायत्री म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "तुम्ही लपवलं नाही, हे आवडलं. म्हणून तर मी घरी हो म्हटलं. बापूंनीही लपवलं नव्हतं. त्यांना लपवायला लावलं."

मंगलाबाईंनी ताटल्या खाली ठेवल्या.

सुपारीच्या दिवशी मुलीने तोंड उघडायचं नसतं, हे तिथल्या भिंतींनाही माहीत होतं. पण योगेंद्र उठला, साडी नेसलेल्या हेमराजच्या पुढ्यात आला आणि वाकून त्याच्या पायांना, म्हणजे खरं तर निऱ्यांना, हात लावला.

"चुकलं, मामा," तो म्हणाला.

काका म्हणून आत आलेला पोरगा मामा म्हणाला, म्हणजे सासरा म्हणून मोकळा झाला. पण कलाबाई अजून उभ्याच होत्या, पायात एक चप्पल घालून. मुलाने माघार घेतली म्हणून आईने घ्यायची नसते.

आणि मग दारात शेजारच्या शांताबाई आल्या. आवाज ऐकून आल्या होत्या, आणि आल्यावर हेमराजकडे बघून त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही. साडीचं आश्चर्य वाटलं.

"भाऊ, ही मोरपंखी भारी आहे," त्या म्हणाल्या. "जरा वळा बरं. मागून काठ बघू."

हेमराज वळला.

"आमच्या चंद्राच्या ओटभरणाला घेऊन टाकते मी," शांताबाई म्हणाल्या. "उतरवून द्या."

"ती ठेवलेली आहे," कलाबाई म्हणाल्या.

"कुणाची?"

"माझी," कलाबाई म्हणाल्या, चप्पल काढली आणि चटईवर येऊन बसल्या. "सुपारी फोडायची की नाही कुणी? का पोहे गार करायचे?"

भटूभाऊंनी बत्ता उचलला. एका घावात सुपारीचे दोन तुकडे झाले. हेमराज अजून साडीतच होता. उतरव म्हणण्याची सवड कुणाला झाली नाही.

साखरपुडा वीस दिवसांनी गोडादऱ्यात, समाजाच्या हॉलमध्ये होता. आदल्या दिवशी मंगलाबाईंनी हेमराजचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. तो इंग्रजी शब्द तोंडातून काढायचा नाही. कुणाच्या साडीबद्दल बरं-वाईट बोलायचं नाही. आणि खांद्यावर काही म्हणता काही टाकायचं नाही. या शेवटच्या अटीमुळे व्याह्यांनी मानाची शाल दिली तेव्हा हेमराजने ती खांद्यावर न घेता हातात धरून ठेवली, भाजीच्या पिशवीसारखी. लोकांना वाटलं, माणूस साधा आहे.

कलाबाई मोरपंखी साडी नेसून आल्या होत्या. त्या हेमराजच्या समोरून एकदा गेल्या. मग पाणी विचारायला म्हणून पुन्हा गेल्या. मग आचाऱ्याला शोधायला म्हणून तिसऱ्यांदा गेल्या, आणि या वेळी जरा रेंगाळल्या. हेमराजला दिसत होतं, त्यांना काय ऐकायचं आहे. त्याला हेही दिसत होतं, की पदराला चार पिना लावून तो खांद्याला आवळून टाकला आहे, आणि या जातीच्या साडीला पदर मोकळा लागतो. त्याने दोन्ही गोष्टी गिळल्या. हात डोक्यावर ठेवलेला होता.

जेवणं झाली. भटूभाऊ पान लावून हेमराजजवळ येऊन बसले. पोट भरलेलं, मुलाचं काम झालेलं, माणूस मनातलं बोलायच्या बेतात होता.

"व्याही, एक सांगू?" ते म्हणाले. "त्या दिवशी बोलायची सोय नव्हती. पण खोटं कशाला सांगू, ही साडी तुमच्या अंगावर जास्त खुलत होती."

हेमराजने त्यांच्याकडे बघितलं. भटूभाऊ थट्टा करत नव्हते. बावीस वर्षांत कुणीतरी साडीबरोबर खांद्याकडेही बघितलं होतं. हेमराजचं मन असं भरून आलं की डोकं, हात, शपथ, काही आठवेना.

"मलाही तसंच वाटलं," तो सावकाश आणि स्पष्ट म्हणाला. "त्यांना नेसता येत नाही अशातला भाग नाही. पण पदर सोडायचा असतो हो. तेवढं बिकमिंग नाही झालं."

भटूभाऊ हेमराजच्या मागे बघत होते, आणि त्यांचं पान चावायचं थांबलं होतं.

हेमराज वळला. कलाबाई लाडवांची ताटली घेऊन उभ्या होत्या. व्याह्यांचं तोंड गोड करायला आल्या होत्या, एक लाडू चिमटीत धरून हात त्याच्या तोंडापर्यंत आणलेला होता. हेमराजला दुसरं काही सुचेना म्हणून त्याने तोंड उघडलं.

कलाबाईंनी लाडू परत ताटलीत ठेवला, शेजारच्या लाडवांच्या रांगेत नीट बसवला, आणि निघून गेल्या.